मळखाऊ

एकदा एक सधन कापडव्यापारी आपल्या वृद्ध गुरुजींच्या अंगणात सकाळीच पिशवी घेऊन आला. एरवी त्याचे हात रिकामे असत. ओझे उचलायला त्याच्या दुकानात माणसे होती. त्या दिवशी मात्र पिशवी त्याने स्वतः धरली होती, आणि छातीशी धरली होती.

गुरुजी नळाखाली आपले धोतर खळबळत होते. शाळेत संस्कृत शिकवून निवृत्त झालेले हे गृहस्थ एकटे राहत आणि आपली कामे आपणच करत. गावातली काही मंडळी आठवड्यातून एकदा त्यांच्याकडे उपनिषदे ऐकायला जमत. व्यापारी त्यांतलाच एक. जुना, नेमाने येणारा आणि पहिल्या रांगेत बसणारा.

"या शेठ," गुरुजी म्हणाले. "आज काही आपला वार नाही. वाट चुकलात की वार?"

"गुरुजी, एक डाग काढायचा होता."

"कशावरचा? प्रतिष्ठेवरचा असेल तर मला जमायचं नाही. कापडावरचा असेल तर बघू."

व्यापारी हसला नाही. त्याने पिशवीतून एक पांढराशुभ्र रेशमी शर्ट काढून उलगडला. खांद्यापासून छातीपर्यंत त्यावर काळपट ढगासारखा डाग पसरला होता.

"सुनेचा पराक्रम," तो म्हणाला.

या व्यापाऱ्याला एकच शौक होता. मोठ्या शहरातल्या एका डिझायनरकडून तो शर्ट शिवून घेई. एखाद्याच्या कॉलरवर हाताने भरलेली बारीक नक्षी, एखाद्याच्या पट्टीला रेशमी गोट, बटणे शिंपल्याची. असा शर्ट लॉन्ड्रीत द्यायचा नाही, हा त्याचा दंडक होता. "घरच्या हाताची सर लॉन्ड्रीला नाही," असे तो गिऱ्हाइकांना अभिमानाने सांगे. तो घरचा हात म्हणजे त्याची पत्नी. शर्ट आधी उलटा करावा, बटणे सोडावीत, रिठ्याच्या गार पाण्यात हलकेच दाबावा, पिळू नये, पंच्यात गुंडाळून पाणी टिपावे, सावलीत वाळवावा, इस्त्री आतल्या बाजूने फिरवावी. हे सारे तिने अनुभवाने बसवले होते. तिच्या हयातीत त्याचा एकही शर्ट बिघडला नाही. ती हे कसे करते, हे त्याने कधी विचारले नाही.

वर्षापूर्वी ती गेली. घरातले माणूस जाते तेव्हा त्याची कामे त्याच्याबरोबर जात नाहीत. ती सकाळी नेहमीच्याच वेळी दारात येऊन उभी राहतात. शर्टांचे काम सुनेकडे आले. केतकी तिचे नाव. मितभाषी मुलगी. सासूच्या आजारपणात तिनेच उशापायथ्याला बसून सारे केले होते.

त्या रविवारी केतकीचे आईवडील जेवायला आले होते. पांढरा शर्ट घालायचा म्हणून व्यापारी दोरीवरून तो काढायला गेला, आणि डाग पाहून तसाच शर्ट हातात घेऊन पाहुण्यांच्या पुढे आला.

"कापडवाल्याच्या घरात राहून तुला रंग कळेना?" तो सुनेला म्हणाला होता. "गडद कपडा पांढऱ्यात भिजवायचा नाही, एवढं तुझ्या आईने शिकवलं नाही का?"

विहीणबाई तिथेच बसल्या होत्या. केतकीने एकदा सासऱ्याकडे पाहिले आणि म्हणाली, "चुकलं माझं."

पाने वाढली गेली, जेवणे झाली. संध्याकाळी आईवडील निघाले तेव्हा तीही त्यांच्याबरोबर निघाली. चार दिवस जाऊन येते, म्हणाली. चार दिवस केव्हाच उलटून गेले होते.

"मुलगा काय म्हणतो?" गुरुजींनी विचारले.

"तो वेगळं घर बघतोय." व्यापाऱ्याने शर्टाची घडी पुन्हा घातली, पुन्हा मोडली. "मी म्हटलं, अरे, एवढ्याशा गोष्टीवरून? ती येणार नाही म्हणते का? तर म्हणाला, 'बाबा, ती काहीच म्हणत नाही. म्हणूनच मला भीती वाटते.' गुरुजी, ही गेली. आता ती दोघंही गेली तर त्या घरात मी आणि कपाटं उरू. म्हणून म्हटलं, हा डाग गेला तर विषयच मिटेल. शर्ट दाखवून सांगता येईल, की बघ, काही झालं नाही."

"पिशवीत दुसरं काय आहे?"

"दुसरा शर्ट. हाच तो. याचाच रंग त्याला लागला." व्यापाऱ्याने कॉफी रंगाचा लिननचा शर्ट बाहेर काढला. तोही त्याच डिझायनरचा, छातीवर त्याच रंगाच्या दोऱ्याची वेलबुट्टी. पाहणाऱ्याला तो नुकताच घडीतून काढल्यासारखा वाटावा.

इथे गुरुजींनी एक विचित्र गोष्ट केली. डागाळलेला शर्ट त्यांनी नीट पाहिलाही नाही, दोरीवर टाकून दिला. मग बादली विसळून स्वच्छ पाण्याने भरली, त्यात रिठ्याचे पाणी ओतले आणि ती व्यापाऱ्याच्या पुढे सरकवली.

"हा कॉफीचा धुवा."

"गुरुजी, डाग पांढऱ्याला आहे."

"दिसला मला. डोळे अजून शाबूत आहेत. हा धुवा."

"मी?"

"मी माझं धोतर धुतलंय."

व्यापारी क्षणभर उभा राहिला. मग बाह्या दुमडून दगडावर बसला. शर्ट पाण्यात बुडवणार, तोच गुरुजी म्हणाले, "आधी उलटा करा. बाहेरून धुतलेला शर्ट फक्त लोकांसाठी धुतलेला असतो."

त्याने शर्ट उलटा केला. कॉलरच्या आतल्या पट्टीवर घट्ट, चकचकीत, काळा थर बसला होता. घामाचा वास आला, तेलाचा आला, आणि आणखी एक उग्र वास आला. माणसाला आपल्याच अंगाचा वास असा समोरून येतो तेव्हा कुठे पाहावे ते कळत नाही. व्यापाऱ्याने मान फिरवली.

"धुतला कधी होता?" गुरुजींनी विचारले.

"ती गेल्यापासून नीट असा नाही... तसा त्याला फार धुवावा लागत नाही, गुरुजी. मळखाऊ रंग आहे. दिसतच नाही काही."

"मळखाऊ," गुरुजींनी तो शब्द जिभेवर घोळवला. "बरं. चोळा."

व्यापाऱ्याने कॉलर चोळली. पाहता पाहता बादलीतले पाणी काळे झाले. त्याचा चेहरा एकदम उजळला.

"बघा! बघा, रंग जातोय! म्हणजे माझं म्हणणं खरंच होतं."

गुरुजी उकिडवे बसले आणि बादलीत डोकावले. "शेठ, तुमचा जन्म कापडात गेला. मी आपला पुस्तकातला माणूस, मला सांगा. कॉफी रंगाच्या कापडाचा रंग सुटला तर पाणी कसं दिसतं?"

"लालसर. विटकरीकडे जाणारं."

"आणि तळ दिसतो?"

"दिसतो की. सुटलेला रंग पाण्यात विरघळतो, पाणी गढूळ होत नाही. आमच्या दुकानातलं कुणीही..."

तो थांबला. बादलीचा तळ दिसत नव्हता. पाणी निळसर काळे होते आणि वर तेलाचा पातळ तवंग फिरत होता. कॉफी रंगाच्या कुठल्याही कापडातून असे पाणी निघत नाही, हे त्या अंगणात त्याच्याइतके कुणालाच ठाऊक नव्हते. त्याचा ओला हात आपसूक कानशिलाकडे गेला आणि केसांना लागण्याआधीच खाली आला.

गुरुजींनी तेवढे पाहिले आणि नजर पेरूच्या झाडाकडे वळवली.

हा व्यापारी कित्येक वर्षे केसांना कलप लावत असे. दार लावून, आरशासमोर, स्वतःच्या हाताने. बाजारात त्याच्या काळ्याभोर केसांची ख्याती होती, आणि त्या ख्यातीवर त्याचा स्वतःचाही बराचसा विश्वास बसला होता. कलप ताजा असला की घामाबरोबर कॉलरला उतरे. म्हणून त्या दिवसांत तो गडद शर्ट घाली. शर्ट लॉन्ड्रीत का द्यायचे नाहीत, याचेही खरे कारण तेच होते. लॉन्ड्रीवाला कॉलर पाहतो, आणि त्याच्या काउंटरवर सारे गाव येते. गिऱ्हाइकांना द्यायचे कारण वेगळे होते, आणि सांगता सांगता तेच खरे होऊन बसले होते.

"दोन्ही शर्ट एकत्र भिजवायला कुणी सांगितलं होतं?" गुरुजींनी झाडाकडे पाहतच विचारले.

"मीच. ती म्हणत होती, 'बाबा, हा वेगळा धुते.' मी म्हटलं, 'अगं, स्वच्छच आहे तो. त्यातच टाक, नुसता पाण्यातून काढ.' ती घुटमळली. तेव्हा मीच उचलून बादलीत टाकला."

"हं."

"गुरुजी, तिला हे... कळलं असेल?"

"कॉलर धुणाऱ्या माणसाला कळत नाही, असं कॉलरवर काय असतं?"

व्यापाऱ्याने डोळे मिटले. त्याला ती दुपार पुन्हा दिसली. त्याने शर्ट घेऊन बाहेर येण्याआधी काही क्षणच व्याही म्हणाले होते, "शेठ, तुमचा एक केस पिकला नाही हो. आमचं हे शेवरीचं बोंड बघा." आणि तो म्हणाला होता, "आमच्या घराण्यातच आहे ते." केतकी पाण्याचे तांबे घेऊन तिथेच उभी होती. एक वाक्य बोलली असती तर ती निर्दोष सुटली असती, तिच्या आईचा अपमान धुऊन निघाला असता, आणि तो आयुष्यभर बाजारात मान वर करून चालू शकला नसता. ते वाक्य तिच्या ओठांशी होते. तिने त्याच्याकडे पाहिले होते ते त्यासाठीच. आणि ती म्हणाली होती, चुकलं माझं.

"मी तिला तिच्या आईदेखत बोललो," तो म्हणाला. "आणि ती मला झाकत होती."

"चोळा," गुरुजी म्हणाले. "हात थांबवू नका."

त्यांनी काळे पाणी ओतून दिले, बादली पुन्हा भरली. पुन्हा पाणी काळे झाले. व्यापारी आता वर पाहत नव्हता. जरा वेळाने तो पाण्याशीच बोलल्यासारखा म्हणाला, "हीसुद्धा तशीच होती. कधी रागावली नाही. मी काहीही बोललो तरी तिच्या मनाला लागत नसे."

"लागत नसे की दिसत नसे?"

व्यापाऱ्याचे हात थांबले. या वेळी गुरुजींनी त्याला चोळा म्हटले नाही. ते दगडाच्या कडेवर बसले आणि पहिल्या रांगेतल्या शिष्याशी बोलावे तसे सावकाश बोलू लागले.

"मळखाऊ हा शब्द तुम्ही कापडवाल्यांनी कौतुकाने रूढ केला, शेठ. आणि घरोघरच्या माणसांनी तो आनंदाने घेतला. पण कुठलंही कापड मळ खात नाही. पांढरं कापड मळलं की लगेच सांगतं, म्हणून त्याला जपलं जातं. हे सांगत नाही. मळ आत राहतो, सूत कुजवतो, आणि एक दिवस शेजारच्या पांढऱ्यावर उतरतो. तेव्हा आपण पांढऱ्याचा डाग घेऊन गावभर हिंडतो. प्रत्येक घरात असं एखादं माणूस असतं. त्याला काही लागत नाही, तो मनावर घेत नाही, ती फार समंजस आहे, असं आपण म्हणतो. आपल्याला ते सोयीचं असतं. ज्याचं दिसत नाही, त्याचं आधी धुवावं. म्हणून तुम्हाला हा शर्ट धुवायला दिला. वहिनींना विचारायची वेळ गेली. केतकीला विचारायची अजून आहे."

व्यापाऱ्याने शर्ट पाण्यातून काढला. न पिळता तो पंच्यात गुंडाळावा हे त्याला आठवले, पण कसा, ते त्याच्या हातांना ठाऊक नव्हते. गुरुजींनी पंचा पुढे केला. दोघांनी मिळून ते केले. मग व्यापाऱ्याने बाह्या खाली ओढल्या आणि पांढऱ्या शर्टाविषयी एक शब्दही न विचारता तो निघून गेला.

केतकीचे माहेर शेजारच्या गावी होते. व्यापारी सरळ तिकडेच गेला. दार विहीणबाईंनी उघडले.

"अगंबाई, शेठ! फोन तरी करायचा."

"फोन केला असता तर धीर गेला असता," तो म्हणाला.

व्याही वर्तमानपत्र बाजूला ठेवून उठले, खुर्ची पुढे केली. आत चहाचे आधण पडल्याचा आवाज आला. कप समोर आला तेव्हा व्यापाऱ्याने तो टेबलावरच राहू दिला. केतकी स्वयंपाकघराच्या दारात येऊन चौकट धरून उभी राहिली होती.

"आधी बोलतो, मग चहा," व्यापारी म्हणाला. "त्या रविवारी मी केतकीला तुमच्यासमोर बोललो. विहीणबाई, मी तुमच्या शिकवणीवरही बोललो. शर्टाचा तो डाग रंगाचा नव्हता. माझ्या कलपाचा होता. शर्टही मीच एकत्र टाकले होते."

व्याह्यांची नजर नकळत त्याच्या केसांकडे गेली आणि घाईने वरच्या पंख्याकडे वळली. विहीणबाईंनी पदर तोंडाला लावला.

"असं काही नाही हं आई," केतकी लगबगीने म्हणाली. "ते कापडच तसलं होतं. रंगच गेला असेल त्याचा..."

"केतकी," व्यापारी म्हणाला, "पुरे आता. झाकू नकोस."

ती चौकटीला टेकली.

"तुला केव्हापासून माहीत होतं?"

"आईंनी सांगितलं होतं. आजारी होत्या तेव्हा." ती अडखळली. "म्हणाल्या, 'कॉलर आधी वेगळ्या तपेलीत धूत जा आणि पाणी लगेच ओतून टाक. तुला कळलंय हे त्यांना कळू देऊ नकोस. मलाही कळलंय हे त्यांना माहीत नाही.'"

व्यापाऱ्याचा चेहरा कानांपर्यंत लाल झाला. इतकी वर्षे लावलेले दार, आणि त्या दाराबाहेर ती तपेली घेऊन उभी. व्याह्यांना दया आली असावी, ते म्हणाले, "जाऊ द्या हो शेठ, आपलंच घर आहे. चहा गार होतोय."

"नाही," व्यापारी म्हणाला. "मी क्षमा मागायला आलो होतो. पण कशाकशाची मागायची, ते मला माहीतच नाही. केतकी, आणखी काय काय आहे?"

"राहू द्या ना, बाबा."

"सांग."

तिने आईकडे पाहिले. आईने पदर तोंडावरून काढला होता. त्या हसत नव्हत्या.

"बरंच आहे," केतकी म्हणाली.

"मला घाई नाही."

मग ती बोलू लागली, आणि तिचा आवाज ओळखू येईना.

"आई गेल्या त्या दिवशी. माणसं अजून स्मशानातून परतत होती. तुम्ही मला आतल्या खोलीत बोलावलंत. मला वाटलं, तुम्हाला रडायचंय, बाहेर रडता येत नाही. मी पाणी घेऊन आले. तुम्ही विचारलंत, 'आता माझे शर्ट कोण धुणार?'"

व्यापाऱ्याला ते आठवत नव्हते. आठवत नाही असे म्हणायला त्याने तोंड उघडले, आणि मिटले.

"मी म्हटलं, मी धुते. मग मोरीत जाऊन नळ सोडला आणि तिथे रडले. माझ्याही त्या आईच होत्या, बाबा. त्या दिवशी मला कुणी काही विचारलं नाही. तुम्ही एकट्याने विचारलंत, ते हे."

या वेळी जाऊ द्या असे कुणी म्हटले नाही. व्याहीही नाही. व्यापारी खाली मान घालून बसून राहिला. आपले तोंड कुठेतरी लपवावे असे त्याला वाटत होते, आणि तो उठला नाही.

"पुढे सांग," तो म्हणाला.

केतकीने चौकट सोडली. ती आली आणि त्याच्या समोरच्या खुर्चीवर बसली.